आधी थापटणे, मग फुले

खंडेनवमीला भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत यंत्रे बंद ठेवून पुसली जातात. स्टेनलेस स्टीलच्या सर्कलपासून पातेली-डबे घडवणाऱ्या प्रेसला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो. उत्तरेकडून आलेले कारागीर हीच पूजा १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याच्या नावाने करतात. महाराष्ट्रातला सुतार-लोहार-पांचाळ समाज माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती मानतो. तिथ्या वेगळ्या, भाव एकच: ज्याच्यावर पोट चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे. हा भाव मला थोर वाटतो, आणि म्हणूनच त्याला एक प्रश्न विचारायला हवा. यंत्र विकत आणलेले नसून स्वतः बांधलेले असेल, म्हणजे गर्डर कापून, वेल्डिंग करून, भंगारातला सिलिंडर बसवून लालबुंद पोलाद दाबण्यासाठी घरगुती फोर्जिंग प्रेस उभा केला असेल, तर त्याच्यापुढे हात जोडण्याचा अधिकार कधी मिळतो? माझे उत्तर आहे: यंत्र पारखून झाल्यावर. पारख हा पूजेचाच पहिला उपचार आहे. तो टाळून केलेली पूजा म्हणजे आपल्या अंगावरचे ऋण देवाच्या खाती टाकणे.

प्रेस काय करतो ते आधी पाहू. १२५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमधल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर भरते. पंपाने २०० बार दाब दिला तर तो दट्ट्या जवळजवळ २५ टन जोराने खाली येतो. घणाच्या घावाचा जोर बराचसा वरच्या थरातच खर्च होतो; प्रेसचा संथ दाब गाभ्यापर्यंत पोचतो आणि तापलेला ठोकळा कणकेसारखा पसरतो. पण जेवढे २५ टन ठोकळ्यावर, तेवढेच २५ टन चौकटीवर. वरची तुळई वर रेटली जाते आणि दोन्ही खांब साडेबारा-साडेबारा टनांनी ताणले जातात. बांधकामाच्या साध्या पोलादाची २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ही मर्यादा धरली, तर कागदावर प्रत्येक खांबाला ५ चौरस सेंटिमीटरचा छेद पुरतो. प्रत्यक्षात ठोकळा मधोमध राहत नाही, भार एका कडेला जातो, खांब ताणाबरोबर वाकतोही. वेल्डिंगच्या पोटात पोकळी राहिलेली असते, आणि हजारो वेळा दाबून सोडल्यावर बारीकसा तडा वाढत जातो. म्हणून जाणता कारागीर चौपट-पाचपट छेद घेतो. हे जादा पोलाद रोजच्या कामात कधी नजरेत भरत नाही. ज्या दिवशी काहीतरी चुकेल, त्या दिवसासाठी ते तिथे उभे असते.

ज्या नियमावर हा प्रेस चालतो तो ब्लेझ पास्कलने मांडला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट जोसेफ ब्रामाने १७९५ साली घेतले. नियम असा: कोंडलेल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. तेल दुजाभाव करत नाही. दट्ट्याला ते ज्या दाबाने रेटते, त्याच दाबाने जुन्या नळीच्या झिजलेल्या जागेलाही रेटते. तिथून सुईएवढी धार सुटली तर ती कातडी भेदून आत शिरते, आणि शेजारी भट्टी असेल तर भडका उडतो. हाच पास्कल धर्मचिंतकही होता. ईश्वर आहे या बाजूने आयुष्याची पैज लावावी, असे त्याने सुचवले. त्या पैजेत माणूस स्वतःलाच पणाला लावतो. न पारखलेल्या यंत्राला हार घालून पंप सुरू करणाराही पैजच लावतो, पण पणाला लागलेली बोटे अनेकदा दुसऱ्याची असतात: सांडशी धरून उभ्या असलेल्या मदतनिसाची, पाहायला आलेल्या पोराची, भिंतीपलीकडच्या गाळ्यातल्या शेजाऱ्याची. मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीत ‘माझे यंत्र, माझा जीव’ हे म्हणणे टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येईल. पारख म्हणजे संशय. ज्याची पूजा करायची त्यालाच ठोकून पाहायचे? याचे उत्तर तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांजवळ आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी हातातल्या थापटण्याने एकेकाला थापटून मडके पक्के की कच्चे ते पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले. नामदेवांच्या भक्तीत उणेपणा नव्हता. तरी पारख झाली, आणि त्या पारखीनेच त्यांना विसोबा खेचरांकडे, पुढच्या पायरीकडे नेले. गोरोबांचीच दुसरी कथा अधिक अवघड आहे. विठ्ठलनामात देहभान हरपून माती तुडवताना त्यांचे रांगते मूल पायाखाली आले. परंपरेने या तन्मयतेला डोक्यावर घेतले, मग सावधपणाचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. पण त्या कथेत आईचा आक्रोशही आहे, आणि मूल परत मिळायला साक्षात पांडुरंगाची कृपा व्हावी लागते. कुंभारकामाची रीत म्हणून ती कथा कोणी कधी सांगितली नाही. सावधपणाला धर्म मानणारी परंपरा तर शेजारीच आहे: भाईंदरमध्ये जैन समाज मोठा आहे. त्यांच्या साधूंच्या आचारात वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवाला इजा होऊ नये म्हणून बाळगायच्या दक्षतेला ‘आदान-निक्षेपण समिती’ असे स्वतंत्र नाव आहे. हाताखालच्या वस्तूकडे लक्ष देणे हाही धर्मच, हे आपल्या परंपरांना ठाऊक होते.

दुसरा आक्षेप दैवाचा. कितीही जाड पोलाद लावा, व्हायचे ते होतेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव तिथे नाकारलेले नाही, पण त्याच्याआधी चार कारणे उभी आहेत आणि त्या चारांत माणसाच्या हाती पुष्कळ काही आहे. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ भाष्यकार लावतात. यंत्र बांधणाऱ्याने त्याच्या जोडीला चौकटही धरावी. नळी भट्टीपासून दूर नेली नाही, आडोसा बसवला नाही, गळती शोधायला पुठ्ठ्याऐवजी हात फिरवला, आणि घडलेल्या अपघाताला दैव म्हटले, तर तो दैवावर घेतलेला खोटा आळ आहे. दैवाचे नाव घ्यायचा हक्क चार कारणांचा हिशोब चुकता केल्यावरच मिळतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो गरजेतून येतो. मजबुतीला पैसा लागतो; ज्याच्याकडे तो नाही त्याने यंत्र बांधूच नये का? गरिबाच्या हातातले हत्यार काढून घेणारे तत्त्वज्ञान मला नको आहे. पण इथे एक वाट आहे आणि तिला जवळजवळ काही खर्च नाही. चौकट हलकी असेल तर जोर कमी घ्यावा. तोच १२५ मिलिमीटरचा सिलिंडर, जादा दाब आपोआप सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १२० बारवर बसवून चालवला तर १५ टन देतो. ठोकळा लहान घ्यावा लागेल, तो जास्त वेळा तापवावा लागेल, काम सावकाश होईल. दुर्बळ चौकटीवर २५ टनांची हाव धरण्यापेक्षा तिला पेलणाऱ्या १५ टनांत समाधान मानणे, याला आपण इतर जागी संयम म्हणतो. अपरिग्रह केवळ धनधान्याचा नसतो. न पेलणाऱ्या शक्तीचाही असतो. आणि रिलीफ व्हॉल्व्ह हे त्या संयमाचे यंत्रातले रूप आहे, कारण मोहाच्या क्षणी माणूस थांबला नाही तरी व्हॉल्व्ह दाब थांबवतो. मात्र बसवल्यावर त्याला कोणी हात लावता कामा नये.

म्हणून घरगुती प्रेसच्या पूजेचा क्रम मला असा दिसतो. आधी रिकामा दट्ट्या वरखाली करावा. मग थंड ठोकळ्यावर, आडोशामागे उभे राहून दाब टप्प्याटप्प्याने वाढवावा, आणि प्रत्येक टप्प्याला चौकट मोजावी. मग दाब उतरवून जोड तपासावेत. त्यासाठी लाल रंगाचे एक औषध मिळते. ते जोडावर लावून थोडे मुरू द्यायचे, पुसून घ्यायचे आणि वर पांढरा लेप फवारायचा. जोडाला वर उघडणारा तडा असेल तर त्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटतो. रेघ उमटली तर जोड घासून काढावा, पुन्हा भरावा, पुन्हा पाहावे. पांढरे पांढरेच राहिले की पुसून घ्यावे आणि मग त्याच जागी खंडेनवमीचे कुंकू लावावे. त्या कुंकवाखाली लपवलेले काहीही नसेल.