साक्षीवाचून आरोप

(तीमथ्याला पहिले पत्र 5:19)

वडिलावर आरोप आला असता दोघातिघांची साक्ष पाहावी, असे पौल येथे शिकवितो. पुष्कळांस वाटते की, हा नियम थोरांची पापे झाकण्याकरिता आहे. तसे असते तर पुढल्याच वचनात पाप्यास सर्वांसमक्ष दोष देण्यास त्याने का सांगितले असते?

आपल्या रत्नागिरीत 1856 साली जन्मलेले बाळ गंगाधर टिळक ह्यांचेच उदाहरण घ्या. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी ह्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे ह्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुढे आली, आणि त्यांच्या आधारे ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्यांनी दिवाणांवर आरोप छापले. हेतू दयेचा होता. पत्रे मात्र बनावट ठरली. टिळक व आगरकर ह्यांनी क्षमा मागितली, तरी जुलै 1882 मध्ये त्यांस चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. महाराजांचे दुःख काही खोटे नव्हते. 1883 साली अहमदनगर येथे एका गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन ते मरण पावले. बनावट कागदाने त्यांचे काय भले झाले?

तेव्हा पाटलाच्या, मास्तरांच्या किंवा पाळकाच्या घरातली गोष्ट कोणी सांगू लागला, तर उपदेशकाने त्यास शांतपणे विचारावे, “बाबा, तू स्वतः पाहिलेस काय? चिठ्ठी असेल तर अक्षर कोणाचे, आणि ती तुझ्या हाती कोणी दिली?”