मागचीचा दोष

बर्फावर स्केट्स घालून धावण्याच्या शर्यतींत 'सांघिक पाठलाग' हा प्रकार ऑलिंपिकमध्ये २००६ साली आला. तिघी-तिघींचे दोन संघ चारशे मीटरांच्या रिंगणाच्या दोन बाजूंनी निघतात. घड्याळ थांबते ते तिसरीने रेषा ओलांडल्यावर. दमलेलीला टाकून पळण्यात लाभ नाही. नियम मोठा न्यायाचा, असे मलाही वाटे.

२०२२ साली बीजिंगला अंतिम शर्यतीत जपान कॅनडाच्या पुढे होता. शेवटच्या वळणावर मागची नाना ताकागी पडली आणि सुवर्णपदक गेले. पुढच्या दोघींत तिची सख्खी धाकटी बहीण मिहो होती. पण बहीण झाली तरी त्या वेगात मागे वळून पाहणार कशी? आणि मागचीचा श्वास तुटतो तो पुढचीने धरलेल्या वेगानेच ना? मग पडले कोण? कागदावर नानाच.

२०१० साली व्हँकुव्हरला जर्मनीची आनी फ्रीसिंगरही उपान्त्य शर्यतीत अशीच कोलमडली; पण पोटावर घसरत रेषेपार गेली आणि संघ अंतिम फेरीत पोचला. तिच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो. खरे सांगायचे तर तिला रेषा जवळ होती, नानाला दूर.

बीजिंगला नाना रडत राहिली. मिहो तिला सावरत होती.