सांकेतिक भाषा : नवशिक्याने शिकवावे काय?

गेल्या पावसाळ्यात असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. त्याची धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. तिच्याशी बोलता यावे म्हणून तो तीन आठवड्यांपासून मोबाईलवर सांकेतिक भाषा शिकत होता. त्याने विचारले, "इमामसाहेब, जेवढे शिकलो तेवढ्याचे धडे करून लोकांना पाठवू का? आपल्या वस्तीत हे कोणालाच येत नाही."

मी फारसा विचार न करता उत्तर दिले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याकडून एक आयत जरी मिळाली असली तरी ती पुढे पोहोचवण्याची शिकवण दिली आहे, हे त्याला सांगितले आणि म्हणालो, "अवश्य पाठव. अल्लाह बरकत देईल."

त्या उत्तराचा मला पुढे फेरविचार करावा लागला. तोच येथे वाचकांसमोर ठेवत आहे.

आमचा भाग बारवी धरणाच्या पाण्यावर जगतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या शहरांची आणि येथील कारखान्यांची तहान हे धरण भागवते. पावसाळ्यात पाण्याची पातळी ७२.६० मीटरला पोहोचली की धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. त्यापूर्वी नदीकाठच्या गावांना सावध केले जाते. त्या तरुणाच्या मनात आले की, असा इशारा बहुधा कानांसाठीच असतो. ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करावे? म्हणून त्याने पहिलाच धडा केला तो 'धरणाचे पाणी सोडले आहे, नदीकडे जाऊ नका' या वाक्याचा. हेतू किती चांगला होता!

उल्हासनगरच्या एका जीन्स कारखान्यात शिलाईकाम करणारे एक कर्णबधिर चाचा आमच्या मशिदीत जुम्याला येतात. त्यांनी तो धडा पाहिला. पुढच्या शुक्रवारी त्यांची मुलगी सोबत होती. तिच्याकरवी मी त्यांना विचारले, "धडा कसा वाटला?" चाचा हसले आणि त्यांनी हातांनी काही सांगितले. मुलगी म्हणाली, "अब्बांना वाटले, नळाला पाणी आले आहे, म्हणून बादल्या भरून घ्या असे सांगत असतील. पुढचे त्यांना कळलेच नाही."

आमच्या शहरांत 'पाणी सोडले' म्हटले की नळच आठवतो, हे वाचकांना ठाऊक आहे. तरुणाने मराठी वाक्यातील एकेका शब्दापुढे एकेक खूण ठेवली होती. धोका दाखवणारी मुद्रा नव्हती, पाणी कोठून कोठे येते हे दाखवणारी हातांची दिशा नव्हती. 'नदी'साठी केलेली खूण त्याने परदेशातील धड्यातून उचललेली होती. पुराचा इशारा अशा रीतीने आनंदाची बातमी बनला. तो धडा करमणूक म्हणून पाहिला गेला, यातच सुदैव. खऱ्या पुराच्या दिवशी कोणी त्यावर विसंबला असता तर?

त्या रात्री मी स्वतःला विचारले, चूक तरुणाची की माझी? मी त्याला अर्धीच हदीस ऐकवली होती. बुखारी शरीफमधील त्याच हदीसच्या शेवटी, जो जाणूनबुजून प्रेषितांच्या नावे असत्य सांगेल त्याला नरकाचा इशारा दिलेला आहे. तरुणाने जाणूनबुजून काहीच केले नव्हते, म्हणून तो इशारा त्याला लागू होत नाही. परंतु पोहोचवण्याची मोकळीक आणि अचूकतेची जबाबदारी एकाच वचनात शेजारी शेजारी ठेवली आहे, हे मी त्याला सांगायला हवे होते. शिवाय ज्याच्याजवळ एक आयत आहे त्याने ती जशी मिळाली तशी द्यावयाची आहे. तिचा अर्थ स्वतः लावण्याचा किंवा तिच्यापुढे दुसरी रचण्याचा अधिकार त्याला त्यातून मिळत नाही. तरुणाला काही खुणा मिळाल्या होत्या. वाक्य मात्र त्याने स्वतः रचले होते.

येथे कोणी म्हणेल, हातांच्या खुणाच त्या, त्यांना इतके महत्त्व कशाला? पवित्र कुरआन पाहा. हजरत जकरिया (अ.) यांना तीन दिवस लोकांशी केवळ खुणेने बोलण्याची निशाणी देण्यात आली (सूरह आले-इमरान, आयत ४१). हजरत मरयम (अ.) यांनी लोकांच्या आरोपाला शब्दाने उत्तर दिले नाही, केवळ बाळाकडे निर्देश केला (सूरह मरयम, आयत २९). खुद्द प्रेषितांनी (स.) महिन्याचे दिवस बोटे उघडून आणि मिटून समजावले. अनाथाचा सांभाळ करणारा स्वर्गात आपल्या किती निकट असेल, हे त्यांनी दोन बोटे जवळ धरून दाखवले.

आपल्या फिकहमध्येही या विषयाचा विचार झालेला आहे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राजवटीत हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' ही कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या ७० व्या कलमानुसार, बोलू न शकणाऱ्याची परिचित खूण ही जिभेने केलेल्या निवेदनासारखीच मानली जाते. त्यातील मूळ अरबी शब्द आहे 'मअहूद', म्हणजे ठरलेली, ओळखीची. मदरशात मी हे कलम पाठ केले होते. त्या एका शब्दाचे वजन मात्र मला शिलाईकाम करणाऱ्या चाचांमुळे कळले. खुणेला वाणीचा दर्जा मिळतो तो ती ओळखीची असल्यामुळे; आणि ती कोणाच्या ओळखीची हे ठरवणार कोण? जे त्या भाषेत जगतात तेच.

कारण ही खरोखर भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषेत बहुतेक इंग्रजी अक्षरे दोन हातांनी दाखवतात, अमेरिकी सांकेतिक भाषेत एका हाताने. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक शब्द साधारणतः वाक्याच्या शेवटी येतो. चेहऱ्यावरील भाव हा तिच्या व्याकरणाचाच भाग आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. तीन आठवड्यांत तो कोणाच्या ओंजळीत मावणार?

या भाषेवर ऐकू येणाऱ्यांनी यापूर्वी मोठा अन्याय केलेला आहे. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे जमलेले जवळपास सर्वजण ऐकू येणारे होते. मुलांना हातांऐवजी ओठांनीच बोलायला शिकवावे, असा ठराव त्यांनी केला. त्यानंतर कित्येक देशांतील शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. पुढे २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. त्या लोकांचा हेतूही, त्यांच्या मते, भलाच होता. ज्यांची भाषा त्यांनाच न विचारता केलेले भले कोठे जाऊन पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

मग नवशिक्याने गप्प बसावे काय? हेही उत्तर मला पटत नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या आईला आज, या क्षणी, आपल्या लेकराला 'भूक लागली का?' असे विचारायचे असते. सर्व जाणकार होईपर्यंत थांबले तर त्या लेकराचे बालपण संपून जाईल. शिवाय एखाद्याला शिकताना पाहून दुसऱ्याला शिकण्याचे बळ येते. मीच पाहा. इतकी वर्षे चाचा जुम्याचा खुतबा 'ऐकायला' येत होते आणि माझा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. हे माझ्या ध्यानात आणून दिले ते त्या तरुणाच्या चुकलेल्या धड्यानेच.

या पेचातून वाट दाखवणाऱ्या दोन हदीस आहेत. कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्यासाठी दुहेरी पुण्य आहे. मात्र जमातीत इमामतीसाठी पुढे त्यानेच उभे राहावे, ज्याला कुरआन अधिक येते. अडखळणाऱ्याला वाचन सोडायला सांगितलेले नाही आणि मुसल्ल्यावर पुढेही केलेले नाही. तो सफेत उभा आहे, सन्मानाने. नवशिक्याची जागा मला येथेच दिसते. त्याने आपले शिकणे जरूर दाखवावे; मात्र शिकवण्याच्या आसनावर बसू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की, मी नवशिका आहे हे त्याने आरंभीच सांगावे. प्रत्येक खूण कोणाकडून शिकलो ते सांगावे. हदीसच्या सनदेची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला हे परके नाही. ती आधी एखाद्या कर्णबधिर जाणकाराला दाखवावी. पूर, औषध, दवाखाना, न्यायालय अशा जीविताशी आणि हक्काशी निगडित विषयांचे धडे त्याने करूच नयेत. ते प्रशिक्षित दुभाष्यांचे काम आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत असे दुभाषी घडवले जातात. आणि चूक कळली की धडा मागे घेण्यात कमीपणा मानू नये.

बारवीचे पाणी आपल्या नळाला येण्यापूर्वी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते. तहान कितीही लागली तरी आपण ती पायरी गाळत नाही. ज्ञानाची अमानत पाण्याहून स्वस्त आहे काय?

मी त्या तरुणाला हे सर्व सांगितले, आणि माझे पहिले उत्तर अपुरे होते हेही सांगितले. त्याने तो धडा काढून टाकला आणि संकोचत चाचांसमोर जाऊन उभा राहिला. चाचांनी त्याला परत पाठवले नाही, खांद्याला धरून शेजारी बसवले. आता दर शुक्रवारी नमाजनंतर चाचा शिकवतात, तरुण आणि त्याची बहीण शिकतात, आणि मागे मीही बसतो. नव्या धड्यांत शिकवणारे हात चाचांचे असतात. तरुण केवळ चित्रण करतो आणि स्वतः चुकला तर ती चूकही तशीच राहू देतो.

सूरह 'अबस'मध्ये एका अंध साहाबींकडे झालेल्या दुर्लक्षाची दखल खुद्द अल्लाहने घेतली आहे. आपल्या सफेत कोण बसले आहे आणि त्याच्यापर्यंत काय पोहोचते आहे, याचा हिशेब आपल्यालाही द्यावयाचा आहे. अल्लाह आपल्याला शिकण्याची नम्रता आणि पोहोचवण्यातील सचोटी प्रदान करो. आमीन.