कललेली भिंत आणि बाळंतिणीची शहादत

बाळंतपणात मरण पावलेली स्त्री शहीद ठरते, ही हदीस आपल्याकडे दफनाच्या दिवशी आवर्जून सांगितली जाते. सांत्वन म्हणून ती सांगावीच. परंतु त्या मातेच्या शहादतीच्या आडोशाला घरातील इतरांना उभे राहता येते काय? ‘अल्लाहची मर्जी’ एवढे म्हणून पुढची चौकशी मिटवता येते काय?

हजरत जाबिर बिन अतीक (रजि.) यांच्या ज्या कथनात हा उल्लेख आहे, त्यातच प्लेगने दगावलेला, बुडालेला, जळालेला आणि ढासळलेल्या बांधकामाखाली दबून मेलेला यांनाही शहीद म्हटले आहे. या शेवटच्या माणसापाशी थोडे थांबू या. तो शहीद, म्हणून भिंतीचा मालक सुटला, असे आपल्या फकीहांनी मानले नाही. मदरशांत आजही शिकविल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या ग्रंथात कललेल्या भिंतीचे सविस्तर विवेचन आहे. भिंत रस्त्याकडे कलली, ती उतरविण्याची सूचना मालकाला मिळाली, तेवढा अवधीही मिळाला, तरी त्याने हयगय केली आणि ती कोणावर कोसळली, तर भरपाई द्यावी लागते. जीव गेला असेल तर ती त्याच्या ‘आकिला’वर, म्हणजे भाऊबंदांवर येते.

गरोदर स्त्रीबाबतची सूचना आज तपासणीच्या कागदावर मिळते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आले की रक्तक्षय, ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय. प्रसूतीत रक्त जातेच. अंगात मुळात रक्त कमी असलेल्या स्त्रीला ते जाणे सोसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. इतक्या घरांत भिंत कललेली आहे, आणि सूचना पोहोचल्यावर तो कागद फडताळात ठेवून देणारा पती त्या मालकाहून वेगळा कसा, हे मला तरी उमगत नाही.

मुळशीतल्या रिहे खोऱ्यात पावसाळ्यात भातलावणी चालते. दिवसभर चिखलात वाकून राहिलेली स्त्री घरी येऊन सर्वांना वाढते आणि उरलेले खाते. हे चित्र एकट्या रिह्याचे नाही, एका धर्माचेही नाही. सूरह लुकमानमध्ये गर्भारपणाचे वर्णन दुर्बलतेवर चढत जाणारी दुर्बलता असे आले आहे. सूरह तलाकने तर घटस्फोटित गर्भवतीचाही खर्च प्रसूतीपर्यंत पुरुषावर टाकला. मग नांदत्या सुनेला एक अंडे मागताना संकोच का वाटावा? गर्भवतीला रोजा पुढे ढकलण्याची सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितली, ती घेणाऱ्या सुनेकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्या सासवा मात्र आहेत, आणि खरे सांगायचे तर काही इमामही.

ऐपत नव्हती, हे कारण नेहमी खोटे नसते. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. दरमहा ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तरीही मुसळधार पावसात रात्री कळा सुरू झाल्यावर रिह्याहून पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत कोणाची गाडी निघेल, रक्त द्यावे लागले तर कोणते दोघे येतील, हे आठव्या महिन्यातच ठरलेले असावे लागते. ते एकट्या पतीकडून होत नसेल, तर आकिला कोणाला म्हणतात हे मोहल्ल्याला ठाऊक आहे.