अवयवी आणि कृष्णद्रव्याचे प्रभामंडल

विश्वरचनेच्या संगणकीय सिम्युलेशनमधून शेवटी हाती येते ती कणांची स्थाने आणि वेग यांची यादी. २००५ च्या ‘मिलेनियम’ सिम्युलेशनमध्ये असे सुमारे १,००० कोटी कण होते, परंतु कोणता कण कोणत्या प्रभामंडलातला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या कृष्णद्रव्याच्या कोणत्या पुंजातला, हे त्या यादीत नसते. ते सॉफ्टवेअर ठरवते, आणि तेथेच नैयायिक व बौद्ध यांच्यातला जुना वाद पुन्हा उभा राहतो: अवयवांहून निराळा अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली एकसंध वस्तू, खरोखर असतो (नैयायिक), की समूहाला दिलेले ते केवळ नाव (बौद्ध)?

१९८५ पासून रूढ झालेल्या ‘मित्रांचे मित्र’ पद्धतीत सरासरी कणांतराच्या ०.२ पटीपेक्षा जवळ असलेले कण जोडले जातात आणि ही साखळी जेथवर जाते तेथवर एक प्रभामंडल मानले जाते. मधल्या मोजक्या कणांच्या पुलामुळे दोन पुंज कधी एकच ठरतात. दुसरी पद्धत घनतेच्या शिखराभोवती गोल वाढवत नेते आणि आतली सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या २०० पटीवर उतरली की थांबते. मात्र विश्व प्रसरण पावताना ही संदर्भघनताच घटते, त्यामुळे नवे द्रव्य न येताही प्रभामंडलाचे वस्तुमान वाढलेले दिसते, हे डीमर, मोरे आणि क्रावत्सोव यांनी २०१३ मध्ये दाखवले. बौद्धाला याहून अनुकूल दाखला क्वचितच मिळेल.

तरीही निर्णय इतका सोपा नाही. याच तिघांनी (मोरे पुढे पुण्याच्या ‘आयुका’त आले) २०१५ मध्ये पुरस्कारलेली सीमा कणांच्या गतीतूनच उमटते: आत कोसळलेला कण केंद्राजवळून पार होऊन पहिल्यांदा ज्या कमाल अंतरापर्यंत जातो, तेथे घनता एकदम उतरते. ही सीमा किंचित पसरट असली, तरी संशोधकाने निवडलेल्या आकड्यावर ती उभी नाही. प्रभामंडलाचे एकत्व कणांच्या जवळिकीत नसून त्यांच्या सामायिक कक्षागतीत आहे, आणि इतक्यापुरता नैयायिकाचा पक्ष बळकट ठरतो.

सैन्य किंवा वन दुरून एकच दिसते तसा परमाणूंचा समूहही एक दिसतो, या प्रतिपक्षाच्या दृष्टान्ताला न्यायसूत्रांत दिलेले उत्तर असे की सैनिक व झाडे जवळून वेगवेगळी दिसतात, पण परमाणू अतींद्रिय असल्याने त्यांचा नुसता ढीगही दिसणार नाही. कृष्णद्रव्याचा कणही अद्याप अदृष्टच आहे. गुरुत्वीय भिंगातून प्रत्ययाला येतो तो पुंज. शिवाय ‘मिलेनियम’मधला एकेक कण १०० कोटींहून अधिक सूर्यांच्या वस्तुमानाचा होता, म्हणजे तेथे अवयव म्हणून मोजलेली वस्तूही गणनेच्या सोयीसाठी घडवलेला समूहच होती; त्यामुळे अवयवी नाकारून परमाणूंनाच सत्य मानणाऱ्या बौद्धाला या यादीत टेकायला परमाणू सापडत नाही.