तुरुंगाच्या दारापूर्वी

उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात योसेफ नावाचा तरुण प्रथमच तुरुंगात जातो. त्याचा खटला चालल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. आरोप करणारी पोटीफराची बायको होती, आणि तिचे म्हणणे खोटे होते. पुढे प्यालेबरदार सुटला, परंतु दोन वर्षे त्यास योसेफाची आठवण झाली नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपण मुलांस पुष्कळदा सांगतो. परंतु असोद्यासारख्या गावातील कोणा मुलास जळगावच्या तुरुंगात नेले म्हणजे ती आपणांस आठवत नाही. आपण म्हणतो, "त्याचे पहिल्यापासूनच असे होते." कधी कधी ते खरेही असते. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार गेली, दंड भरला, प्रकरण मिटविले, पुढे एकदा पोलीस ठाण्यात दिवसभर बसविले. अशा पायऱ्या चढतच पुष्कळ जण त्या दारापाशी पोहोचतात. त्या पायऱ्या गावाने पाहिलेल्या असतात. तेव्हा कोणी हात धरला नाही, एवढेच.

परंतु सर्वांची हकीकत अशी नसते. २०२२ च्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा न्याय अद्यापि व्हावयाचा होता. आणि कित्येकांचा इतिहास तर गुन्ह्याच्या आधीच लिहिला गेला. १८७१ च्या कायद्याने व पुढे १९११ च्या कायद्याने सरकारने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. मूल जन्मले की त्याजवर डाग बसे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. गावच्या मनातील रकाना कोणते न्यायालय काढील?

कायदा मात्र पहिल्या चुकीकडे आपल्यापेक्षा सौम्य दृष्टीने पाहतो, हे उपदेशकांनी नीट जाणून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे लागू झाले, त्यांप्रमाणे पाच हजार रुपयांच्या आतील चोरीत दोषी ठरण्याची पहिलीच वेळ असून माल अथवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ज्यास पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला, तर त्यास बंधपत्रावर सोडावयाचे असते, व तसा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेच न्यायालयाकडे करावयाचा असतो. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस अथवा अनेक खटले चालू असल्यास ही सवलत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात ज्यास जामीन देता आला नाही, तो निर्धन समजून त्यास जातमुचलक्यावर सोडावे, असेही आहे. पुष्कळ घरांत हे ठाऊक नसते. बाप शेत गहाण टाकतो, आई दागिना मोडते.

१९५८ चा परिवीक्षेचा कायदा तर याहून जुना. एकवीस वर्षांखालील मुलाचा गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कारणे लिहिल्यावाचून त्यास तुरुंगात धाडता येत नाही, आणि आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावयाचे तर त्याचा अथवा त्याच्या जामीनदाराचा ठावठिकाणा पक्का किंवा कामधंदा नियमित असावा लागतो.

येथे यहूदाची आठवण होते. त्याने बन्यामिनासाठी बापापाशी स्वतःस जामीन ठेविले, आणि मिसरात वेळ आली तेव्हा त्याच्या जागी दास होऊन राहावयास तो सिद्ध झाला. आता यहूदा कोण? योसेफाला वीस रुप्याच्या नाण्यांस विकण्याची मसलत देणारा तोच! ज्याचा मागील हिशेब स्वच्छ नव्हता तोच माणूस दुसऱ्याच्या मुलासाठी पुढे उभा राहिला. मंडळीतील वडीलजनांस हे फारसे रुचत नाही, हे मी पाहिले आहे. जामीन राहावयाचे म्हटले की प्रत्येकास आपली बैलजोडी आठवते.

तर मग उद्या तो अधिकारी गावात येईल. त्या मुलाच्या घरी जाईल, शाळेत विचारील, किराणा दुकानापाशी थांबून विचारील, आणि कदाचित उपदेशकाच्या दारीही येईल: हा मुलगा कसा? परत आला तर राहील कोठे? काम कोण देईल?