नाव गेलं, चाल उरली

नागपुरात आज ऐंशीच्या घरात असलेल्यांच्या कानावर लहानपणी काय काय पडलं असेल? १९४८ मध्ये आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगावी घुमत होती, मोझरीच्या गुरुकुंजातली सामुदायिक प्रार्थना खेड्यापाड्यांत रुजली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंनी बाबासाहेबांच्या मागोमाग त्रिशरण-पंचशील म्हटलं. पुढे वस्त्यावस्त्यांत वंदना रोजची झाली आणि वामनदादा कर्डकांची गाणी घुमली. शिवाय १९५२ पासून बिनाका गीतमाला होतीच.

डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी ही यादी फार कामाची आहे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. लेकाचं नाव आठवत नाही, पण चाल कानावर पडली की शब्द आपसूक ओठांवर येतात, असं अनेक घरांत दिसतं. लायप्झिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्याचं एक कारण पुढे आणलं: ओळखीच्या गाण्यांची आठवण जपणारे मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये तुलनेनं उशिरा झिजतात. त्यातही दहा ते पंचविशीतली गाणी सगळ्यात घट्ट बसलेली.

म्हणूनच वृद्धाश्रमांत सगळ्यांना मिळून एकच भजनांचा पेनड्राइव्ह लावून देणं खटकतं. जिनं आयुष्यभर बुद्धवंदना म्हटली, तिला दिवसभर आरत्या ऐकवून काय साधणार? आणि गीतमालेवर वाढलेल्या आजोबांना अभंगच आवडतील, हे कुणी ठरवलं?

गाण्यानं आजार बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार संगीतोपचारानं उदासी थोडी कमी होते; बेचैनी आणि स्मरणशक्तीवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. हेलसिंकीतल्या २०१४ च्या एका अभ्यासात रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे दहा आठवडे एकत्र गायले, तेव्हा सांभाळणाऱ्यांनाही बरं वाटलं. चोवीस तास पहारा देणाऱ्या सुनेचा, मुलीचा किंवा म्हाताऱ्या नवऱ्याचा विचार आपल्याकडे कोण करतो!

घरच्या घरी करायचं तर फार सामान लागत नाही. आधी टीव्ही बंद. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरही थोडा वेळ थांबवावा लागतो, त्या घरघरीत थकलेला आवाज बुडून जातो. पट्टी खालची, लय संथ. ‘पुढची ओळ कोणती, सांगा बरं?’ अशी परीक्षा नको. शब्द चुकले तर चुकू द्यावेत. हातात खंजिरी द्यावी, नसेल तर टाळ्या चालतात.

वेळ शक्यतो दिवेलागणीची. याच सुमाराला अनेक रुग्ण कावरेबावरे होतात, घरात बसूनही ‘घरी जायचंय’ म्हणून दाराकडे निघतात. गावाकडे सामुदायिक प्रार्थनाही तिन्हीसांजेलाच होते, त्यामुळे तिथे वाढलेल्यांना तेव्हा गायला बसणं नवं वाटत नाही.